नारोशंकराची घंटा आणि वसईची माणसं

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'युद्धकाळातला उत्तर कोकण : जाती, धर्म आणि शेजार'. त्याकडे येतोच. पण नाशकात उभं राहून वसईबद्दल बोलायचं आणि नारोशंकराच्या घंटेचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. गोदेला पूर आला की पाणी कुठवर चढलं हे आपण ज्या देवळाकडे बघून ठरवतो, तेच हे रामेश्वराचं देऊळ. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलेलं. पण घंटेवर साल आहे १७२१. देऊळ उभं राहायच्या आधी २६ वर्षं ती दुसरीकडे वाजत होती. मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून ती इकडे आली. मेणवलीच्या घाटावर आणि भीमाशंकरला तिच्या बहिणी आहेत, कधी गेलात तर बघा.

कॉलेजात माझ्या खोलीवर वसईचा एक मुलगा होता. सामवेदी ख्रिस्ती, घरी कादोडी ही तिकडची बोली बोलणारा. सुट्टीवरून आला की सुकेळी आणायचा. राजेळी केळी उन्हात सुकवून पानात बांधलेली, मधासारखी गोड. तो माझ्यासोबत नाशकात आला की आई त्याच्याकडून दोन जुड्या ठेवून घ्यायची आणि एकादशीला तीच खायची. केळी कुणाच्या वाडीतली, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यावर तिनं एकदाही चकार शब्द काढला नाही.

एका सुट्टीत मी त्याला पंचवटीत घेऊन गेलो. आम्ही घंटेखाली माना वर करून उभे. शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी याचं आडनाव विचारलं, ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे ही तुमची घंटा. आम्ही जिंकून आणली." मित्र म्हणाला, "आजोबा, घंटा पोर्तुगीजांची. आम्ही तेव्हा बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, रहाट चालवत होतो." गृहस्थ हसले, निघून गेले. तो त्या रात्री नीट जेवला नाही. मी शेजारी उभा होतो, मला शब्द सुचला नाही, आणि इतकी वर्षं मी जे वाचत, लिहीत आलोय ते त्या संध्याकाळपासून. फिरंगी आणि ख्रिस्ती हे दोन शब्द आपण एकाच पोत्यात भरतो. शाळेत मला हा इतिहास शिकवला तोही तसाच.

गैरसमज नको. पोर्तुगीज राज्य जुलमीच होतं. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहानं वसई त्यांना दिली. देवळं पडली, जमिनी फिरंगी सरदारांकडे आणि धर्मसंघांकडे गेल्या. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसलेलं होतं. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, अणजूरचे गंगाजी नाईक, ही माणसं पेशव्यांकडे गेली ती उगाच नाही. त्यांचं दुखणं देवाचं होतं तसं वतनाचंही होतं, आणि ही दोन दुखणी वेगळी काढता येत नाहीत. गंगाजी नाईकांवर खरं तर एक पूर्ण दिवस...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं.

तर मूळ मुद्दा. मार्च १७३७ मध्ये ठाणं आणि साष्टी घेऊन मोहीम सुरू झाली. १७३९ च्या जानेवारीत तारापूर पडलं, तिथे मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसईनं शरणागती पत्करली. या दोन वर्षांत किनाऱ्यावर 'आपले' आणि 'परके' यांच्यातली रेघ कुठे होती? कोटाच्या आत फक्त गोरे नव्हते. स्थानिक ख्रिस्ती होते, आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. बाहेर कोळी, आगरी, भंडारी, पाठारे. वाडीतल्या ख्रिस्त्याचं आणि शेजारच्या हिंदूचं आडपणजोबांपर्यंतचं नातं एकच, पाणी एकाच बावखलाचं. आणि मुंबईचे इंग्रज? ते तर पोर्तुगीजांचे धर्मबंधू. त्यांनी चर्चची चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन वसईला कर्ज दिलं, आणि वसई पडताच त्यांचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजीअप्पांकडे तहाला हजर. जुलैमध्ये तह झालासुद्धा. धर्म कुणासाठी किती जाड होता, ते इथे दिसतं.

याउलट अप्पांनी घातलेल्या अटी वाचा. शिबंदीनं शस्त्रांसह, निशाण घेऊन, वाजतगाजत बाहेर पडावं. आठ दिवसांची मुदत. ज्यांना जायचं त्यांनी चीजवस्तू न्यावी, जे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा. सरदार गेले, धर्मसंघांचे पाद्री गेले. राहिला तो रहाट चालवणारा. त्याच्याच मुलखातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि पुढचं संमेलन आपल्या नाशकात भरलं.

घंटा वाजलीच शेवटी, अध्यक्षांची. अणजूरकरांचं राहिलं. ज्यांना ऐकायचंय त्यांनी थांबा, मी खाली पायऱ्यांवर बसतो.