गाण्याचा आणि गारव्याचा संबंध काय? बाहेरचं काम आणि गाडीची वॉरंटी

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त साताऱ्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

मी बरीच वर्षं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये वॉरंटीचे क्लेम बघायचो. तिथला एक प्रसंग आधी सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं त्यातूनच निघालं आहे. फलटण भागातले एक बागायतदार आठ महिन्यांची गाडी घेऊन आले. एसी लावला की कंप्रेसरमधून घरघर यायची, पंधरा मिनिटांत गार हवा बंद. कंप्रेसर बदलायला झाला होता, आणि गाडी वॉरंटीत होती. पण डॅशबोर्डवर बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम होती. आमच्याकडे तेव्हा एक ठरलेलं वाक्य असे: ‘आउटसाइड फिटमेंट, क्लेम रिजेक्टेड.’ ते वाक्य जॉबकार्डवर मी माझ्या हाताने लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, “साहेब, गाण्याचा आणि गारव्याचा संबंध काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज तासभर आपण त्या प्रश्नाचंच उत्तर शोधणार आहोत.

‘बाहेर काही लावलं की वॉरंटी उडते’ हे वाक्य तुम्ही प्रत्येकाने ऐकलं असेल. शोरूममध्ये, मेहुण्याकडून, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. ते अर्धं खरं आहे. आणि याच अर्धवटपणामुळे गाडीवाल्याचे हक्काचे पैसे बुडतात.

गाडीबरोबर आलेली वॉरंटीची पुस्तिका घरी गेल्यावर उघडा. ती बहुतेक घरांत डिकीत, स्पेअर टायरशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत असते. तिच्यात ‘काय समाविष्ट नाही’ असं एक पान असतं. टायर आणि बॅटरी बहुधा तिथेच वगळलेल्या असतात, कारण त्यांची वॉरंटी त्या बनवणारी कंपनी वेगळी देते. त्याच पानावर फेरफारांबद्दलचं कलम असतं. ते शब्दन् शब्द वाचा. मान्यता नसलेल्या फेरफारांमुळे *झालेलं नुकसान* वॉरंटीत येणार नाही, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं सापडेल. काउंटरवर मात्र ऐकायला येतं की फेरफार केला म्हणून वॉरंटी गेली. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कारण दाखवावं लागतं. दुसऱ्यात शिक्का मारला की काम संपतं.

काउंटरवरचा ॲडव्हायझर असं का बोलतो, हेही समजून घ्या. तो काही तुमचा वैरी नसतो. वॉरंटीत बदललेल्या पार्टचे आणि मजुरीचे पैसे वर्कशॉप कंपनीकडून मागून घेतं. कंपनी तो क्लेम तपासते, जुना पार्ट मागवते, फोटो मागते. त्यात बाहेरचं काम दिसलं आणि क्लेम परत आला, तर भुर्दंड वर्कशॉपला. म्हणून शंका आली की आधीच नाही म्हणायचं, ही सवय लागते. मलाही लागली होती.

आता एक महत्त्वाचा आदेश. २०११ मध्ये शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तक्रार केली. कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत, हे तिचं सार. चौकशी वाढत वाढत १४ मोटार कंपन्यांपर्यंत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने त्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. वर्तमानपत्रांत दंडाचा आकडा गाजला. मला मोलाचा वाटतो तो आदेशातला वॉरंटीबद्दलचा भाग. ग्राहक बाहेरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला म्हणून वॉरंटी सरसकट रद्द, अशी अट कंपन्यांनी घालू नये, असं आयोगाने म्हटलं. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, तीही परिस्थितीवरून ते स्पष्ट होत असेल तरच.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. हा आदेश बाहेरच्या *दुरुस्ती*बद्दल आहे, हौसेने लावलेल्या सामानाबद्दल नाही. आणि त्यावर पुढे अपिलं झाली, दंडाच्या हिशोबावर वाद झाले. म्हणून काउंटरवर आपटायचा हुकमाचा पत्ता म्हणून तो वापरू नका. पण नुकसान आणि कारण यांची सांगड घातल्याशिवाय हक्क काढून घेऊ नये, हा त्यातला विचार आपल्या प्रश्नालाही लागू पडतो, असं माझं ठाम मत आहे.

तरुण मुलं मला अमेरिकेतल्या यूट्यूबवाल्यांचे व्हिडिओ दाखवतात. ‘मॅग्नसन-मॉस कायद्याने कंपनीला वॉरंटी नाकारताच येत नाही.’ तो १९७५चा कायदा खरा आहे आणि चांगलाही आहे, पण तो तिकडचा. कुणाचा मुलगा न्यू जर्सीत गाडी घेत असेल तर त्याला जरूर सांगा. साताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये त्याचं नाव घेऊन काही मिळणार नाही. शिवाय बसवलेल्या वस्तूनेच बिघाड झाला असेल, तर तोही कायदा कंपनीला पैसे द्यायला लावत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, जी गाडीच्या हौशी मंडळींना आवडत नाही. काही कामांमध्ये संबंध खरोखरच असतो.

साधा हेडलाइटचा बल्ब घ्या. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांत ६०/५५ वॉटचा बल्ब येतो, म्हणजे हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५. घाटात उजेड कमी पडतो म्हणून लोक १००/९०चा टाकतात. १२ व्होल्टवर ६० वॉटला ५ अँपिअर करंट लागतो, १०० वॉटला ८ अँपिअरपेक्षा जास्त. वायर तीच. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती जवळजवळ पावणेतीन पट होते. आधी होल्डर पिवळा पडतो, मग कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, वितळतो. फ्यूज उडायला लागला की वायरमन मोठा फ्यूज टाकून देतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आठवलं तरी जीव घाबरतो. फ्यूजचं काम आधी जळून वायरला वाचवायचं. तो मोठा केला की जळायची पाळी वायरची येते. अशा गाडीचं वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जळालं आणि कंपनीने क्लेम नाकारला, तर कंपनीचं बरोबर आहे.

म्युझिक सिस्टिमचंही तसंच आहे. ‘कपलर टू कपलर’ बसवली, म्हणजे कंपनीच्या कपलरला तयार जोडणी लावली आणि एकही वायर कापली नाही, तर उद्या ती काढून गाडी जशीच्या तशी करता येते. पण वायर सोलून, पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळली, तर गोष्ट वेगळी. मग एखादी ॲम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून येते आणि गाडी बंद असतानाही करंट ओढते. अर्धा अँपिअर म्हणजे कुणाला काहीच वाटत नाही. दिवसाला तो १२ अँपिअर-तास होतो. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तिसऱ्या दिवशी मान टाकते आणि आपण बॅटरीवाल्याशी भांडायला जातो.

टायरचा हिशोबही करून पाहा. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के. १८५/६५च्या जागी १९५/६५ टाकला, रिम १५ इंचांचीच, तर चाकाचा व्यास साधारण दोन टक्क्यांनी वाढतो. एवढ्याने काही आभाळ कोसळत नाही. पण दोन-तीन साइझ वर गेलात, किंवा चाक बाहेर काढणारी अलॉय रिम घेतलीत, तर व्हील बेअरिंगवर आणि सस्पेन्शनवर वेगळा भार येतो. तिथे बेअरिंग गेलं तर संबंध उघड आहे. त्याच गाडीची पॉवर विंडो बिघडली तर नाही.

आणि रीमॅप. लॅपटॉप जोडून इंजिनचं सॉफ्टवेअर बदलतात आणि डिझेल टर्बो गाडीची ताकद वाढवून देतात. इंजिनला जास्त डिझेल, टर्बोला जास्त दाब. कंपनीने क्लच एका ठरावीक टॉर्कसाठी, म्हणजे फिरवण्याच्या जोरासाठी, बनवलेला असतो, तोच आता जास्त ओढतो. क्लच, गिअरबॉक्स, टर्बो, पिस्टन या सगळ्यांची वॉरंटी इथे धोक्यात येते आणि माझी सहानुभूती कंपनीकडे जाते. ‘सर्व्हिसला नेण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकतो’ असं सांगणारे भेटतात. पण ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, आतल्या सॉफ्टवेअरचा क्रमांक आणि ते मूळचंच आहे का हे ताडून पाहायचा आकडा (चेकसम) स्कॅनरला दाखवतो; सॉफ्टवेअर बदललेलं असेल तर त्यावरून कळतं. काही ईसीयू तर किती वेळा सॉफ्टवेअर लिहिलं गेलं याचीही नोंद ठेवतात. लपवाछपवी करणाऱ्याचं पुढे कुणी काहीच ऐकून घेत नाही, अगदी खऱ्या तक्रारीसुद्धा.

वॉरंटीच्या पलीकडचं एक आवर्जून सांगतो. पुढचं लोखंडी गार्ड लावू नका. केंद्राने २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं, त्यामागे कारण आहे. टक्कर कशी झाली हे एअरबॅगच्या सेन्सरला ज्या हिशोबाने कळतं, तो हिशोबच गार्ड बिघडवतं. धक्का शोषून घेण्यासाठी केलेला पुढचा भाग बाजूला राहतो आणि मार थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जातो. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर जाड, सगळीकडून शिवलेलं सीट कव्हरही घालू नका. एअरबॅगला फुटून बाहेर यायला वाट लागते. पाचशे रुपयांच्या हौसेपायी लेकराबाळांचा जीव टांगणीला लावू नका, हे मी हात जोडून सांगतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्सवाल्यालाही बदल कळवावे लागतात, नाहीतर अपघाताच्या क्लेमच्या वेळी तोही हात वर करतो.

शोरूममध्ये लावलेल्या ॲक्सेसरीजबद्दल मला नेहमी विचारतात. शोरूममध्ये लावली म्हणजे कंपनीची, असं समजू नका. डीलर हा स्वतंत्र व्यापारी आहे. कंपनीच्या पार्ट नंबरची वस्तू आणि डीलरने बाजारातून आणलेला लोकल माल एकाच काउंटरवर विकले जातात. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. गाडी घेताना ‘फ्री ॲक्सेसरीज’ मिळतात, तेव्हा तर हमखास घ्या. नंतर त्याच वस्तूवर बोट ठेवून क्लेम नाकारला, तर ते बिल तुमच्या कामी येतं.

आता काउंटरवर नकार मिळाला तर करायचं काय? फलटणच्या त्या पाहुण्यांनी काय केलं ते सांगतो, कारण त्यांनी ते आम्हाला शिकवलं. ते भांडले नाहीत. चौथ्या दिवशी वहीच्या पानावर अर्ज लिहून आले. त्यात एकच मागणी होती: म्युझिक सिस्टिमच्या कोणत्या वायरमुळे कंप्रेसर बिघडला ते लेखी द्यावं. खाली सही, तारीख, आणि पोच द्या म्हणाले. मी अर्ज घेऊन इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने डॅशबोर्ड उघडला. जोडणी कपलरची होती, एकही वायर कापलेली नव्हती. कंप्रेसर खोलला तर बेअरिंग गेलेलं. आम्ही फोटो काढून क्लेम पुन्हा पाठवला आणि कंपनीने तो मंजूर केला. जॉबकार्डवरचं माझं वाक्य मीच खोडलं आणि शेजारी सही केली.

तेव्हा नकार तोंडी घेऊ नका. कारण जॉबकार्डवर मागा. कोणता फेरफार, कोणता पार्ट आणि दोघांचा संबंध कसा, हे तिन्ही मागा. काढलेला मूळ स्टिरिओ, मूळ बल्ब, मूळ चाकं घरी जपून ठेवा, बसवणाऱ्याचं बिलही ठेवा. कंपनीला ईमेल करा. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून बिघडलेला पार्ट भंगारात जाऊ देऊ नका. तो पार्ट हाच तुमचा साक्षीदार असतो.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो. दोन वर्षांची पेट्रोल गाडी आहे, बाहेरून सीएनजी किट लावायचं आहे, शोरूमवाले म्हणतात सगळीच वॉरंटी जाईल.

ताई, आधी त्यांच्याकडून ‘सगळी’ म्हणजे कोणकोणती, ते लेखी घ्या. इंजिन, इंधनाची यंत्रणा आणि सायलेन्सरकडचे भाग यांची वॉरंटी गेली असंच धरून चाला, त्यात त्यांचं चुकत नाही. स्टिअरिंग, एसी, पॉवर विंडो, रंग यांचा इंधनाशी काही संबंध नाही, त्यांच्यावरचा हक्क सोडू नका. किट तुमच्याच मॉडेलसाठी मान्यता असलेलं घ्या. पुण्यातली एआरएआय ही ती मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एक. आरसीवर नोंद करा, विमा कंपनीला कळवा, टाकीची दर तीन वर्षांची चाचणी चुकवू नका. राहता राहिले मागचे शॉक ॲब्सॉर्बर. टाकीचं वजन साठ-सत्तर किलो, म्हणजे एक माणूस कायमचा डिकीत बसवल्यासारखंच. ते लवकर गेले आणि वर्कशॉपने नाही म्हटलं, तर तिथे मी वर्कशॉपच्या बाजूने बोलेन.