तिका पाणी पिऊक दी

(दृश्य : वाघोटण खाडीचा काठ. माडांखाली एका अंगावर कललेली जुनी होडी.)

ही आमच्या काकांची होडी. चोवीस फूट लांब, सागाच्या फळ्या, पठाण, म्हणजे तळाचा कणा, आइनाच्या लाकडाचा, पोटात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. सात पावसाळे ती गळक्या झापांखाली पडून होती. येणारा-जाणारा सांगायचा, "मोडून टाका, फायबरची घ्या." सल्ला काही वाईट नव्हता. फायबरला दरवर्षीची डागडुजी कमी. पण दिवाळी झाली, तसं काकांनी मेस्त्रींना बोलावणं धाडलं.

मेस्त्रींनी आधी नुसती हातोडी वाजवली. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, टण, टण, टण... आणि इंजिनाशेजारी एकदम भद्द. तिथं पटाशी टोचली, तर लाकूड भिजल्या पिठासारखं बाहेर आलं.

"गोड्या पाण्यान खाल्ल्यान."

होडी खाऱ्या पाण्यात कुजते असं आपल्याला वाटतं. पण मीठ बुरशीला फारसं वाढू देत नाही. घात केला तो झापांतून ठिबकणाऱ्या पावसानं. दोन वांक, म्हणजे होडीच्या फासळ्या, आणि एक अख्खी फळी बदलावी लागली. जुने लोखंडी खिळे गंजून फुगले होते, त्यांनी आजूबाजूचं लाकूडही फोडलं होतं. नव्या फळीला तांब्याचे खिळे आले.

(दृश्य : मेस्त्रींचे हात, अगदी जवळून.)

आता हे बघा. कापसाची वळी दोन फळ्यांच्या सांध्यावर ठेवायची, बोथट पटाशीनं आत दाबायची, वर मोगरीचा ठोका. जास्त ठोकलं तर कापूस आरपार जातो, कमी ठोकलं तर ओघळून येतो. हा अंदाज मेस्त्री कानानं घेतात. ठोक्याचा आवाज भरीव झाला की हात पुढे सरकतो. वरून तेलात कढवलेली राळ. एका सांध्याला अख्खी सकाळ जायची, आणि सांधे किती होते ते आम्ही मोजणं सोडून दिलं.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं मी नुसता स्पॅनर धरून उभा होतो. गंजलेल्या बोल्टांवर रात्रभर डिझेल सोडलं, मिठानं तुंबलेल्या पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या, होडीला पुढे ढकलणारा पितळी पंखा घासला. पंख्याजवळ जस्ताचा नवा तुकडा बसवला. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की कमजोर धातू झिजतो. जस्त झिजलं की बाकीचं वाचतं.

(दृश्य : ओंडके, दोर, गावची माणसं.)

याच खाडीच्या काठी खडक खोदून केलेली आंग्र्यांची गोदी आहे. भरतीला गलबत आत यायचं, ओहोटीला कोरडं उभं राहायचं. आमच्याकडे गोदी नाही, पण गणित तेच. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता; पण तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती, पाणी होडीपर्यंत पोचतच नाही. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा, आणि वर उधाण. म्हणून माघी पौर्णिमा धरली.

नारळ ठेवला. गाऱ्हाणं झालं, "बा देवा रामेश्वरा..." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं आणि दोर ताणले. ओंडक्यांवरून होडी घसरली, पाण्यात शिरली, तरंगली.

आणि गळायला लागली.

एक-दोन नाही, दहा ठिकाणांहून. काका डबा घेऊन उपसायला लागले. मेस्त्री काठावर विडी पेटवून बसले होते.

"भिया नको. तिका पाणी पिऊक दी. पोट भरला काय गप रवतली."

सात वर्षं सुकलेली लाकडं आकसली होती. पाणी प्यायली की फुगतात, सांधे आपसूक आवळले जातात. पहिल्या रात्री दर तासाला उपसणं होतं. दुसऱ्या रात्री दोनदा उठलो. तिसऱ्या सकाळी जेमतेम अर्धा डबा.

आम्ही निघायच्या तयारीत होतो, तर मेस्त्रींनी इंजिनाचे बोल्ट सैल करायला लावले. जमिनीवर शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा, सरळ रेषेत बसवला होता ना? होता. पण होडी तरंगली, फुगली, की तिचा आकार किंचित बदलतो. ती रेषा पाण्यातच पुन्हा जुळवावी लागते. हे त्यांनी आधी का सांगितलं नाही? विचारलं. हसले फक्त.

मग हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काळा धूर, धडधड, आणि बाजूच्या नळीतून गरम पाण्याची पिचकारी. ती पिचकारी दिसली म्हणजे इंजिनाला थंड करणारं पाणी नीट फिरतंय.

आम्ही कॅमेऱ्याची तिपाई लावेपर्यंत काका थांबले नाहीत. म्हणून पुढचं दृश्य किनाऱ्यावरूनच आहे.

(दृश्य : विजयदुर्गाच्या दिशेनं लहान होत जाणारी होडी. इंजिनाचा आवाज.)