आधी कोपर मोजा, मग भिंत

(दर्यापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. वेचणीचे दिवस आहेत, दिवसभर वावरात वाकून आलेल्या बाया संध्याकाळी इथं येऊन बसल्यात, याचं मला फार मोल वाटतं.

विषय तुम्ही ऐकलाच: खोक्यातून सुटं येणारं मॉड्युलर किचन, त्याची मोजणी, मागणी आणि जोडणी. तिन्हींवर बोलणार आहे. पण त्याआधी ओट्याच्या उंचीबद्दल बोलायचं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच मी हे आमंत्रण घेतलं. मी आयुष्यभर कॉलेजात गृहविज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर नात्यागोत्यातली, ओळखीपाळखीतली स्वयंपाकघरं पाहत फिरते. घर बांधताना टाइल्सचा रंग ठरवायला सगळं घर बसतं. ओट्याची उंची मात्र गवंडी ठरवतो, नाहीतर दुकानदार. जी बाई त्या ओट्यापुढे पुढची वीस-पंचवीस वर्षं उभी राहणार, तिला उभं करून कोणी मोजत नाही. ब्लाउज शिवायला टाकलं तरी टेलर माप घेतो. दीड-दोन लाखांच्या किचनला माप फक्त भिंतीचं!

आमच्या मोठ्या जाऊबाईंचं सांगते. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. आईनं चुलीपुढे जन्म काढला, आता तिला चांगलं किचन करून द्यायचं, असं त्यानं मनावर घेतलं. पोरगा गुणाचा आहे, त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. शहरातल्या एका दुकानात गेला, भिंतीचं माप दिलं. त्यांनी कॉम्प्युटरवर चित्र काढून दाखवलं, यानं फोनवर रंग पसंत केला. गावी खोकी आली, मागून दोन मुलं आली, पेट्या जोडल्या, वर काळं ग्रॅनाइट बसलं. दिसायला इतकं सुंदर की अख्खी गल्ली पाहायला आली. मीही गेले. सकाळची वेळ होती. जाऊबाई त्या चकचकीत ओट्याच्या पायाशी, खाली फरशीवर बसून काठवटीत भाकर थापत होत्या. भाकर थापायची, उठायचं, तव्यावर टाकायची, परत बसायचं. मी विचारलं, "जाऊबाई, खाली का?" तर म्हणाल्या, "काहून वं, ओट्यावर चढून थापू का भाकर?"

मी टेप काढला. जाऊबाईंची उंची चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सेंटीमीटर. हात दुमडून उभं केलं. कोपर जमिनीपासून ९२ वर. ओटा ८९. त्यावर काठवट ठेवली की थापायची जागा कोपराला येऊन भिडते. बायांनो, भाकर मनगटानं थापली जात नाही. खांद्यापासून वजन उतरतं तेव्हा ती गोल फिरते. हात कोपराच्या पातळीवर अडकला तर वजन उतरणार कुठून? शेगडीचं तर त्याहून वाईट. ओटा ८९, त्यावर दहा-बारा सेंटीमीटरची शेगडी, तिच्यावर कढई. कढईचा काठ ११० च्या वर गेला. त्या उंचीवर पुरण घोटून पाहा. एका होळीच्या पुरणात खांदा धरतो.

दुकानदाराला फोन केला. मी जरा कडकच बोलले. पलीकडून उत्तर काय आलं? "सवय होईल काकूंना." मंडळी, या वाक्याचा मला फार राग आहे. पंधरा माणसांचा स्वयंपाक उभा केलेल्या बाईनं, वयाच्या साठीत, लाकडाच्या पेटीची सवय करून घ्यायची? ज्या पेटीच्या पायाला उंची कमी-जास्त करायला फिरवायचा आटा दिलेला आहे, तिनं सवय करून घ्यायची नाही?

माप घेण्याचा विचार काही नवा नाही. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी मोठ्या वसाहती बांधल्या जात होत्या, तेव्हा मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईंनी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटर. आजच्या प्रत्येक मॉड्युलर किचनची ती आजी म्हणायला हरकत नाही. तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. स्वतःला स्वयंपाकाचा अनुभव नव्हता, हे त्या बाईंनीच पुढे मोकळेपणानं सांगितलं. पण त्यांनी बाईच्या हालचालींचा वेळ मोजला, पावलं मोजली आणि बसून काम करता यावं म्हणून स्टूल ठेवलं. शंभर वर्षांपूर्वीचं ते स्टूल आपल्या दुकानांत अजून पोचलेलं नाही. आपल्याकडे तर बसून स्वयंपाक करायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती एका पिढीत मोडली, आणि बायांच्या कंबरेचं काय झालं ते इथं बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

आता माझं म्हणणं नीट ऐका, कारण पुष्कळांना वाटतं की मी मॉड्युलरच्या विरोधात आहे. मी पूर्णपणे बाजूनं आहे. आपला जुना कडप्प्याचा ओटा एकदा बांधला की बांधला. उंची चुकली तर घण घालावा लागतो. खोक्यातून येणाऱ्या किचनमध्ये प्रत्येक पेटी वेगळी उभी राहते, आपापल्या चार पायांवर. खालची पेटी बहुतेक ७२० मिलिमीटर उंच, पाय १०० किंवा १५०, वर वीसेक मिलिमीटरचं ग्रॅनाइट. करा बेरीज: ८४ किंवा ८९ सेंटीमीटर. नुसता पाय बदलला की पाच सेंटीमीटरचा फरक. बाईच्या अंगाला बसेल असं स्वयंपाकघर खेड्यात मिळायची इतकी सोपी संधी याआधी कधी नव्हती. आणि आपण ती दुकानदाराच्या हाती सोडून देतो.

उंची एक नको, तीन हव्यात. घरात जिचा हात रोज कामात असतो तिला अनवाणी उभं करा, कोपर दुमडायला लावा, जमिनीपासून मोजा. भाजी चिरायचा ओटा कोपरापासून दहा ते पंधरा सेंटीमीटर खाली. भाकर थापायची, कणीक तिंबायची जागा वीस ते पंचवीस खाली. तिथं पेटीच नको. दोन बाजूंना पाट्या, मधे मोकळं, वर ग्रॅनाइटचा तुकडा, खाली स्टूल सरकेल आणि गुडघे आत जातील असं. सिंक मात्र उंच घ्या, कारण हात कडेवर नसतो, तळाशी असतो; तळ वीस सेंटीमीटर खाली आणि भांडी घासणारी वाकते ती तिथं. शेगडीचा ओटाही खाली घ्या, पण बर्नर नेहमी सिलिंडरपेक्षा वरच राहिला पाहिजे. जाऊबाईंच्या खिडकीकडच्या टोकाची पेटी आम्ही काढली, ग्रॅनाइट सांध्यावर सोडवून तुकडा सत्तरवर बसवला. आता त्या स्टुलावर बसून थापतात आणि तवा हाताशी आहे.

सासू चार फूट दहा आणि सून पाच फूट चार असेल तर काय? मागच्या ताईंनी आत्ताच विचारलं. बुटक्या बाईच्या मापानं करा. उंच बाईला चिरायचा पाट जाड घेता येतो. बुटक्या बाईला फरशी वर उचलता येत नाही.

कार्यवाह घड्याळ दाखवताहेत. दहाच मिनिटं? बरं, मग भरभर सांगते, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

मोजणी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, घरं हलतात. भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, असेल असं धरूच नका. लांबी खाली, मधे, वर अशी तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत कमी भरेल ती धरा. कोपऱ्यातून एका भिंतीवर ९० सेंटीमीटर, दुसऱ्या भिंतीवर १२० अशा खुणा करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १५० भरलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. कडेला दोन-अडीच सेंटीमीटर मोकळं सोडून ती फट झाकायला पट्टी मागवा. माप टाइल्स लागल्यावर, प्लास्टर पूर्ण वाळल्यावर. नळ, सांडपाण्याचा पाइप, मिक्सरचा बोर्ड, फ्रिजची जागा हे सगळं चित्रात आलं पाहिजे. पाण्याचा गुंड आणि माठ ठेवायची जागासुद्धा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे शहरातल्या चित्रकाराला कसं कळणार?

मागणी. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली पाटी, स्वस्त असतं. कोरड्या जागी चालतं, पण पाणी लागलं की कडेनं फुगतं आणि परत बसत नाही. सिंकखालच्या पेटीला ते नकोच. तिथं आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या. पैसे कमी असतील तर वरच्या पेट्या कमी करा, सिंकखाली कंजुषी करू नका. आपण खारपाण पट्ट्यात राहतो. या खाऱ्या पाण्यानं पंपाच्या मोटारींच्या जाळ्या खाल्ल्या, तिथं पत्र्याची बिजागरी किती टिकणार? सिंकजवळच्या बिजागऱ्या आणि ड्रॉवर सरकवायचे चॅनल ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या मागा, बिलावर तसं लिहून घ्या. गाडी गावात येणार की तालुक्याच्या स्टँडवर माल उतरवणार, हेही लेखी घ्या. खोकी मोजल्याशिवाय, कोपरे पाहिल्याशिवाय सही नाही. फोटो काढून ठेवा. आणि मे महिन्यात पाट्या टिनाच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकतात. आडव्या, खाली लाकडाच्या पट्ट्या घालून ठेवा.

जोडणी. आधी फरशीचा सर्वांत उंच बिंदू शोधा. गवंड्याची पातळी पाहायची पाण्याची नळी त्यासाठी उत्तम. उंची तिथून धरा, सुरुवात कोपऱ्यातल्या पेटीपासून. आधी सगळ्या पेट्या पातळीत, मग एकमेकींना स्क्रूनं, मग भिंतीला. दारं सर्वांत शेवटी. सिंकसाठी, पाइपसाठी पाटी कापली की उघड्या कडेवर सिलिकॉन लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. फिटर घाईत असतो, तिथं घरच्या माणसानं उभं राहावं. पेट्यांच्या पायांपुढची खालची पट्टी क्लिपवर बसते. ती चिकटवू देऊ नका. आपण पाणी ओतून फरशी धुतो आणि आपल्याकडे उधई, म्हणजे वाळवी, आहे. ती पट्टी महिन्यातून एकदा काढून मागच्या भिंतीवर मातीची रेघ चढली का ते पाहता आलं पाहिजे.

वरच्या पेट्या. मातीच्या जोडाईची किंवा चार इंची भिंत असेल तर डाळी-तांदळाचे डबे वर नकोतच. अशा भिंतीत पेटी टांगायचा बोल्ट, म्हणजे फास्टनर, धरत नाही. अशा घरी जुनं भिंतीतलं फडताळ ठेवा आणि त्याला नुसती दारं लावा. सिलिंडर पेटीत ठेवणार असाल तर त्या पेटीला तळ नको, आणि दाराला अगदी खालच्या बाजूला जाळी पाहिजेच. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो.

टेप मी आणला आहे. ज्यांना कोपर मोजून घ्यायचं आहे त्यांनी इकडे डाव्या हाताला या, चपला काढून. घर बांधायला काढलेल्यांनी आधी या, त्यांचं प्लास्टर थांबलेलं असेल.