दहावा एक आला आणि हातचा आला

तर मंडळी, फळ्यावर लिहिलंय ते एकदा वाचा, १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या, उलटीकडून वाचली तरी तीच. हा १११११११११ चा, म्हणजे नऊ एक्क्यांचा वर्ग. या जातीच्या संख्यांना डेम्लो नंबर म्हणतात, नाव दिलंय आपल्या द. रा. कापरेकरांनी, देवळालीचे शाळामास्तर, ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’वाले, तेच. कल्पना सुचली ती जीआयपी रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजचं डोंबिवली. आज डोंबिवली स्टेशनात उभं राहून कुणाला गणित सुचेल का, ते सोडा.

आता हे होतं कसं ते बघा. गुणाकार शाळेसारखा मांडा, एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक्के, आणि दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मग बेरीज करायची म्हणजे प्रत्येक उभ्या घरात किती एक्के आलेत तेवढं मोजायचं, उजवीकडून एक, दोन, तीन करत मधल्या घरात नऊ, आणि पुढे परत उतरत एक. कुठेच हातचा येत नाही, बस एवढंच त्याचं रहस्य.

दहा एक्के घेतले की मधल्या घरात दहा होतात, शून्य लिहून हातचा एक, शेजारच्या घरातले नऊ त्यामुळे दहा होतात, परत शून्य हातचा एक, त्याच्या पुढच्या आठाचे नऊ, आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब! म्हणजे ही शोभा संख्येची कमी आणि आपल्या दशमान पद्धतीची जास्त, सोळाच्या पायात लिहिलं, म्हणजे दहाऐवजी सोळा झाल्यावर हातचा धरला, तर पंधरा एक्क्यांपर्यंत काही बिघडत नाही.

मला स्वतःला फळ्यावरच्या संख्येचे अवयव जास्त आवडतात, कारण ते कुठल्याही पायात लिहा, तेच राहतात. १११११११११ म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७, यातले ३७ आणि ३३३६६७ मूळ संख्या. त्या दोघांचा गुणाकार करून बघा, १२३४५६७९, इथेही आठ नाहीच! वर्ग केला की ३ चा चौथा घात, बाकी दोघांचे वर्ग, म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विषम आले, कारण विभाजकांच्या जोड्या लागतात आणि १११११११११ ला जोडीदार तोच स्वतः. कुठल्याही पूर्ण वर्गाचं असंच असतं.

आणि हो, घरी जाऊन एक्सेलमध्ये टाइप करणार असाल तर आधीच सांगतो, तिथे शेवटचे २१ जाऊन ०० दिसतील, एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं. सेल आधी टेक्स्ट करून घ्या म्हणजे आकडा नीट दिसेल, पण गुणाकार मात्र कागदावरच करावा लागेल.