पडू दिलं नाही, म्हणून माफी

मंडळी, यंत्रयुगाची भीषण भविष्यं रंगवणाऱ्या कथा म्हटलं की आपल्याला आधी पहारा आठवतो. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीतला तो माणसांवर नजर ठेवणारा भिंतीवरचा पडदा: आवाज कमी करता येतो, पुरता बंद करता येत नाही. माणसं एकमेकांपासून तुटतात कशी, हे पाहायचं तर मी त्याच्या चाळीस वर्षं आधी जाईन. १९०९ साली इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने 'द मशीन स्टॉप्स' ही कथा लिहिली. (हाच फॉर्स्टर पुढे १९२१ साली देवासला, थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा खासगी सचिव होता.) कथा आली तेव्हा टेलिफोन होता, पण घरोघरी रेडिओसुद्धा यायचा होता.

कथेत माणसं जमिनीखाली, मधमाशीच्या पोळ्यातल्यासारख्या षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. अन्न, अंघोळ, संगीत, सगळं बटणावर, एकाच अवाढव्य यंत्राकडून. त्यांतलीच एक वाष्टी, हजारो लोकांना 'ओळखते'. तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. त्याचा फोन येतो तेव्हा ती त्याला पाच मिनिटं देते, आणि तेवढ्यासाठी खोलीचा बाकी जगाशी संपर्क तोडते. तीनच मिनिटांनी तो संपर्क पुन्हा जोडला, तर तुंबलेले प्रश्न अंगावर कोसळतात: नवं अन्न कसं आहे? काही नवीन कल्पना सुचल्या का? हे वाचून आपला हात खिशाकडे गेला तर नवल नाही.

कुनोचं आईला म्हणणं एवढंच, की चेहरा दाखवणाऱ्या या चकतीत तुझ्यासारखं काहीतरी दिसतं, पण तू दिसत नाहीस. आता इथे नेमकं काय हरवलंय ते पाहा. यंत्र चेहरा दाखवतं, पण त्यावरच्या बारीक छटा पोचवत नाही. लेखक सांगतो, माणसाचा ढोबळ अंदाज तेवढा येतो, आणि कामापुरता तो पुरेसा मानला गेलाय. आपल्या भाषेत, 'चालतंय की!' माझ्या मते सगळी कथा या एका शब्दावर उभी आहे.

पुढे विमानात वाष्टीचा तोल जातो आणि सेविका तिला हाताने सावरते. वाष्टी संतापते. त्या जगात कोणी कोणाला शिवत नाही. ती चालच मोडलेली. मग सेविका माफी मागते, ती हात लावल्याबद्दल नव्हे, तर पडू दिलं नाही याबद्दल! एवढ्याशा प्रसंगात लेखकाने जे साधलंय, ते पानभर उपदेशाने साधलं नसतं.

बिघाडही असाच हळूहळू येतो. संगीतात मध्येच खरखर येते, अंघोळीच्या पाण्याला वास येतो, कृत्रिम फळांवर बुरशी धरते. आधी तक्रारी होतात. मग ती खरखर सुरावटीचाच भाग वाटू लागते. दुरुस्ती करणारी यंत्रणाच नादुरुस्त होते, तेव्हा तक्रार करायची कोणाकडे? शेवटी यंत्राची घरघर थांबते आणि जन्मात न ऐकलेल्या त्या शांततेनेच हजारो माणसं मरतात.

अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरीने 'फॅरनहाइट ४५१' या कादंबरीत, १९५३ साली, हाच धागा एका घरापुरता आवळला. नायकाच्या बायकोच्या कानांत रात्रभर शिंपल्याएवढे रेडिओ. दिवाणखान्याच्या तीन भिंतींवर पडदे, आणि चौथ्या भिंतीचा हट्ट. किंमत दोन हजार डॉलर, म्हणजे नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. आपण दोघं पहिल्यांदा कुठे भेटलो, हे मात्र दोघांनाही आठवत नाही.

एका रात्री अंथरुणात त्याला जुना विनोद आठवतो: बायको सतत फोनवर, म्हणून नवरा धावत दुकानात जातो आणि तिथून तिला फोन करून विचारतो, आज जेवायला काय? आपणही शिंपल्याचं प्रक्षेपण केंद्र विकत घ्यावं आणि तिच्या कानात बोलावं, असं त्याच्या मनात येतं. आणि लगेच तो अडतो. केंद्र घेता येईल. पण बोलणार काय?