आराखडा उसना, आकडा घरचा

(दृश्य: अहमदाबाद, मे महिन्यातली दुपार. ओस पडलेला रस्ता, पत्र्याच्या घरांची रांग.)

मे 2010. अहमदाबादेत 21 तारखेला पारा 46.8 अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात 4,462 मृत्यू नोंदले गेले. आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्याची सरासरी होती 3,118. म्हणजे 1,344 माणसं जास्त गेली. यातल्या फार थोड्यांच्या दाखल्यावर ‘उष्माघात’ हे कारण लिहिलेलं होतं. आधीच हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेला माणूस उन्हाच्या लाटेत दगावतो, तेव्हा कागदावर त्या आजाराचं नाव लागतं. त्यामुळे उष्म्याचे बळी मोजायचे तर उष्माघाताचे दाखले शोधून भागत नाही. रोजचे सगळे मृत्यू मोजायचे आणि नेहमीच्या आकड्यापेक्षा किती वाढले ते पाहायचं.

मोजायची ही रीत अहमदाबादेने शोधलेली नाही. अमेरिकेतल्या शिकागोत जुलै 1995 मध्ये उन्हाच्या लाटेत 700 हून अधिक माणसं गेली, तेव्हा तिथला हिशेबही असाच लागला. तिथल्याच फिलाडेल्फिया शहराने त्याच वर्षी इशारा देणारी यंत्रणा उभी केली. लाट येण्याआधी वस्तीतल्या ओळखीच्या माणसांनी एकटे राहणारे म्हातारे शोधून त्यांची विचारपूस करायची, फोनवर सल्ला मिळेल अशी सोय करायची आणि बिल थकलं असलं तरी त्या दिवसांत वीज-पाणी तोडायचं नाही. हे करायला मोठं बांधकाम लागत नाही. कोणी कोणाला फोन करायचा, हे आधी ठरलेलं असलं की झालं.

2013 मध्ये अहमदाबाद महापालिकेने स्वतःचा उष्णता कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातल्या शहराचा हा पहिलाच आराखडा. गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ आणि अमेरिकेतल्या काही संस्था त्यात सोबत होत्या. सात दिवस पुढचा अंदाज, सगळ्या खात्यांना जोडणारा एक नोडल अधिकारी आणि इशाऱ्याचे तीन रंग. 41.1 ते 43 अंशांपर्यंत यलो अलर्ट, 43.1 ते 44.9 ऑरेंज, 45 आणि त्यापुढे रेड.

(दृश्य: आलेख. आडव्या रेघेवर तापमान, उभ्या रेघेवर रोजचे मृत्यू.)

ह्या रंगांमागचे आकडे कुठून आले, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बाकीची शहरं नेमकी इथेच चुकतात. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून काही वर्षांचे रोजचे मृत्यू काढायचे. त्याच दिवसांचं कमाल आणि किमान तापमान शेजारी मांडायचं. एका ठरावीक अंशापर्यंत आलेख जवळपास सपाट राहतो, मग वर चढू लागतो. ती चढण जिथे सुरू होते, ती त्या शहराची धोक्याची पातळी.

ऐकायला सोपं आहे, करताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. एक, नोंदवहीत मृत्यूची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असते. नोंदणीची तारीख घेतली, तर रविवारी कुणी मरत नाही आणि सोमवारी दुप्पट मरतात असं चित्र उमटतं. दोन, मोठ्या सरकारी रुग्णालयात बाहेरगावचे रुग्ण दगावतात, ते शहराच्या खात्यात जमा होतात. तीन, तापमान विमानतळावरच्या केंद्राचं असतं. मोकळ्या माळावरचा पारा आणि दाट वस्तीतल्या पत्र्याखालची उष्णता यांचा मेळ बसत नाही. रात्री तर फरक आणखी वाढतो, कारण सिमेंट आणि डांबर दिवसभर शोषलेली उष्णता रात्री सोडत राहतात. रात्रीचं किमान तापमान उतरलं नाही, तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. ज्या आराखड्यात फक्त कमाल तापमानाचा रकाना आहे, त्यावर मी तरी विसंबणार नाही.

(दृश्य: रुग्णालयाचा जिना, वरच्या मजल्यावरची गच्ची.)

अहमदाबादच्या एका महापालिका रुग्णालयात प्रसूती कक्ष सर्वात वरच्या मजल्यावर होता, थेट तापलेल्या गच्चीखाली. नवजात बाळाला घाम नीट येत नाही आणि स्वतःहून सावलीत सरकता येत नाही. 2010 च्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की 42 अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे उष्णतेमुळे अतिदक्षता कक्षात येणारी बाळं 43 टक्क्यांनी वाढत होती. प्रसूती कक्ष खालच्या मजल्यावर हलवल्यावर ही संख्या स्पष्टपणे घटली. एका शहराने दुसऱ्याकडून काही उचलायचंच असेल, तर सगळ्यात आधी हे उचलावं. खर्च खाटा हलवण्याचा.

आराखड्याने किती जीव वाचले? 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 2014 आणि 2015 साठी वर्षाला सरासरी 1,190 मृत्यू टळल्याचा अंदाज आहे. भाषणांमधून हा आकडा ठामपणे सांगितला जातो. त्याच अभ्यासात खरा आकडा 162 ते 2,218 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो असं दिलं आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. दिशा पक्की आहे, नेमकी संख्या नाही.

2016 मध्ये नागपूरने शेजारच्या शहरांना सोबत घेऊन आराखडा केला. इथे उसन्या आकड्याची अडचण लगेच कळते. नागपूरच्या मे महिन्यातलं सरासरी कमाल तापमानच 42 च्या वर असतं. अहमदाबादचा 41.1 चा यलो अलर्ट तसाच लावला, तर अख्खा मे पिवळा होईल. रोज येणारा इशारा चौथ्या दिवसापासून कुणी वाचत नाही.

तरीही नक्कल सर्रास होते. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या दिल्लीतल्या अभ्यास संस्थेने 2023 मध्ये देशातले 37 आराखडे तपासले. आपल्या भागाची धोक्याची पातळी स्वतः ठरवलेले निघाले फक्त 10. पैसा कुठून येणार हे लिहिलेले 3. धोका कोणत्या वस्तीला जास्त आहे याची पाहणी केलेले 2.

(दृश्य: खाडीकाठची दमट दुपार. घामाने चिकटलेले सदरे.)

कोकण किनारपट्टीवर तर गणितच बदलतं. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर भर उन्हात मोठा समारंभ झाला आणि उष्माघाताने 14 जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी आसपासची नोंद 38 अंशांच्या घरात होती. अहमदाबादच्या तक्त्यात हा दिवस पिवळ्या रंगातही बसत नाही. भारतीय हवामान विभाग मैदानी भागात 40 अंश गाठल्यावर आणि पारा सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी वर गेल्यावर उष्णतेची लाट मानतो. किनाऱ्यासाठी तोच आकडा 37 आहे. हवेत ओल भरलेली असली की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. विदर्भातला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर पाणी सुकवूनच गारवा देतो. तो मुंबईत आणला तर खोलीत फक्त दमटपणा वाढतो. किनाऱ्यावरच्या शहराने इशारा तापमान आणि आर्द्रता एकत्र धरूनच काढावा.

छताला पांढरा रंग देण्याची कल्पना मात्र कोरड्या आणि दमट दोन्ही हवेत चालते, फक्त काम नीट व्हायला हवं. 2017 मध्ये अहमदाबादने सुमारे 3,000 छतं रंगवली; 2023 मध्ये तेलंगणाने त्यासाठी राज्याचं धोरणच आणलं. आतलं तापमान 2 ते 5 अंशांनी उतरतं. स्लॅबवर चुना चालतो. आधी गच्ची झाडून, धुऊन भेगा भरायच्या. चुना रात्रभर भिजवून गाळायचा, त्यात चिकटवणारं द्रव्य घालायचं आणि दोन हात मारायचे, दुसरा पहिल्याच्या आडवा. पत्र्यावर चुना टिकत नाही, पापुद्रे सुटतात. तिथे गंज घासून प्रायमर आणि मगच उन्हासाठीचा पांढरा रंग. चुना पावसात धुऊन जातो आणि धुळीने काळवंडलेलं पांढरं छप्पर उष्णता परतवत नाही. दर वर्षी पुन्हा रंगवायची तरतूद नसेल, तर पहिल्या वर्षीचे फोटो तेवढे उरतात.

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्र. टोपलीत बर्फाच्या पिशव्या.)

आता रुग्णालय. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर जातं आणि माणूस बरळतो किंवा शुद्ध हरपतो. काखेतला थर्मामीटर इथे फसवतो, गुदमार्गातून मोजावं लागतं. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नाही. आधी गार करायचं, मग हलवायचं. कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारून पंखा लावायचा, मान, काख आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या. आतलं तापमान 39 च्या आसपास आलं की थांबायचं, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. शुद्धीत असलेल्याला ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे सगळं भिंतीवरच्या तक्त्यात असतं. बर्फ कुठल्या फ्रीजमध्ये आहे आणि दुपारी वीज गेल्यावर तो कोण आणून देणार, हे तक्त्यात नसतं. ते नाव आणि तो फोन नंबर लिहिलेला असला पाहिजे.

(दृश्य: नियंत्रण कक्ष, भिंतीवर वर्षाची दिनदर्शिका.)

कामाची वर्षभराची आखणी अशी ठेवावी. जानेवारीत निधी मंजूर, फेब्रुवारीत डॉक्टर आणि आशा सेविकांचं प्रशिक्षण, मार्च संपायच्या आत छतं रंगवून आणि पाणपोया उभारून पूर्ण. एप्रिल ते जून रोजचा अंदाज आला की त्याच संध्याकाळी संदेश पुढे जायला हवा. शनिवार-रविवारी तो कोण पाठवणार हे ठरलेलं नसेल, तर शुक्रवारी आलेला इशारा सोमवारपर्यंत पडून राहतो. बागा दुपारी बंद ठेवण्याचा नियम त्या काळापुरता उठवायचा, बांधकामाच्या पाळ्या सकाळी लवकर आणि संध्याकाळी लावायच्या. पाऊस स्थिरावल्यावर मृत्यूंचे आकडे मिळवून धोक्याची पातळी पुन्हा तपासायची. मुंबईसारख्या शहराला त्यासाठी ऑक्टोबर हीटचे दिवसही वेगळे काढून पाहावे लागतील, कारण तिथे दमट उकाडा पावसानंतर परत येतो. नागपूरला मार्च ते जूनच्या नोंदी पुरतात.