रंग बदलणारा गार्नेट आणि दुकानातला दिवा

अध्यक्षमहोदय आणि म्हापशाच्या रसिक मंडळींनो, पत्रिकेवर 'रंग बदलणाऱ्या गार्नेटची खरेदी' असा विषय छापलेला असला, तरी मला आज खड्याइतकेच दिव्याविषयी बोलायचे आहे. ज्या दुकानात तारेचा जुना पिवळा बल्ब नाही, तिथे गिऱ्हाइकाला हा खडा अर्धाच दाखवला जातो, असे माझे ठाम मत आहे.

गार्नेट म्हणजे आपल्या ओळखीची तामडी, आणि राहूसाठी बोटात घालतात तो गोमेदही त्याच कुळातला. (राहूला रंग बदललेला चालतो की नाही, हे कृपया मला विचारू नये.) रंग बदलणारे बहुतेक गार्नेट पायरोप आणि स्पेसार्टाइन या दोन प्रकारांच्या मिश्रणाचे असतात. त्यांतील व्हॅनेडियम आणि क्रोमियम ही मूलद्रव्ये प्रकाशातला पिवळा भाग शोषून घेतात, त्यामुळे निळसर हिरव्याला एक आणि तांबड्याला एक अशा दोनच वाटा उरतात. दिवसाच्या उजेडात निळा अंश भरपूर असल्याने खडा हिरवट किंवा निळसर दिसतो, आणि तारेच्या बल्बखाली तांबडा अंश जड झाला की तोच खडा जांभळट किंवा लालसर होतो. १५६३ साली याच गोव्यात गार्सिया द ओर्ताने औषधी आणि रत्ने यांवरचा आपला ग्रंथ छापून घेतला, तेव्हा ऊन आणि तेलाचा दिवा हेच प्रकाश हाताशी होते. या खड्याला नेमके तेच दोन लागतात. आपल्याकडे आज पांढऱ्या एलईडीचा झगमगाट आहे. त्यात निळ्याचा भर असतो आणि गडद तांबडे फार थोडे, म्हणून त्याखाली चांगला खडाही तपकिरी आणि रुसलेला दिसतो.

आता किनारपट्टीवरील एका दुकानाची हकिकत सांगतो. भाचीला अंगठीसाठी खडा हवा होता, म्हणून मी सोबत गेलो. विक्रेत्याने मखमलीवर सहा कॅरटचा एक निर्मळ खडा ठेवला आणि हा रशियाच्या उरल पर्वतातला अलेक्झांड्राइट, म्हणजे असाच रंग बदलणारा पण गार्नेटहून वेगळा आणि फार महाग खडा, असल्याचे सांगितले. उरलमध्ये तो १८३० च्या दशकात सापडला हे खरे. पण सहा कॅरटचा, डागविरहित आणि आमच्या खिशाला परवडणारा अलेक्झांड्राइट म्हटल्यावर मी निमूटपणे भिंग काढले. दहापट भिंगातून आत बारीक वळणदार रेषा दिसल्या. नैसर्गिक खड्यात वाढीच्या रेषा सरळ किंवा कोनात असतात. वळणदार रेषा म्हणजे ज्वालेत वितळवून बनवलेला कृत्रिम कोरंडम (माणिक आणि नीलम ज्याचे असतात ते खनिज). व्हॅनेडियम घातलेला हा कोरंडम करडा निळा आणि जांभळा असे दोन रंग दाखवतो, आणि पर्यटकांच्या बाजारांत तो 'अलेक्झांड्राइट' म्हणून खपवणे हा जुना धंदा आहे.

मग त्याने खणातून सव्वा कॅरटचा एक मळकट हिरवा गार्नेट काढला. मी म्हटले, "शेट, हे दिवे जरा बंद करा आणि साधा बल्ब लावा." बल्ब नव्हता. देवापुढची ज्योत दाखवा म्हटले, तर ती विजेची, लाल एलईडीची. आणि नुसत्या लाल उजेडात कोळसाही लालच दिसेल. मोबाइलची विजेरी पुढे आली, तीही पांढरी एलईडीच. अखेर शेजारच्या किराणा दुकानातून मेणबत्ती आणली, ती काउंटरवर लावू द्यायला शेट तयार नव्हते, म्हणून आम्ही सगळे पायरीवर बसलो. आधी ढगाळ आभाळाखाली हिरवट पाहिलेला तो खडा, भाचीने छत्रीच्या आडोशाला ज्योतीजवळ धरताच, पिकल्या कोकमासारखा झाला. आम्ही घेतला नाही, कारण बिलावर शेट नुसते 'स्टोन' लिहिणार होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा खरेदीचे भराभर सांगतो.

उजेड दोन हवेत: उन्हाच्या थेट किरणांत न धरता, आभाळाच्या मोकळ्या उजेडात, आणि नंतर तारेच्या बल्बखाली किंवा ज्योतीशी. निळसर हिरव्यातून जांभळ्यात जाणारे खडे, मादागास्करमधील बेकिलीसारखे, दुर्मीळ आणि महाग. टांझानिया आणि केनियाच्या सीमेवरील उंबा खोऱ्यातले अनेक खडे तपकिरी हिरव्यातून गुलाबी नारिंगीत जातात आणि तुलनेने आवाक्यात येतात. आकाराच्या मोहात पडू नये, कारण मोठा खडा बहुधा काळवंडतो. दोन्ही उजेडांत जिवंत दिसणारा लहान खडा केव्हाही चांगला.

शक्तिशाली निओडिमियम चुंबक जवळ ठेवावा. थर्मोकोलच्या तुकड्यावर खडा ठेवून तो पाण्यात तरंगवला आणि चुंबक जवळ नेला, तर लोह आणि मँगनीज असलेला गार्नेट हळूहळू त्याच्या मागे येतो. तो कृत्रिम कोरंडम जागचा हलत नाही. ही चाचणी घरची आहे, प्रयोगशाळेच्या अहवालाला पर्याय नव्हे. गार्नेटवर सहसा उष्णतेची प्रक्रिया करत नाहीत, तेव्हा 'न तापवलेला' म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला नमस्कार करावा. वजन कॅरटमध्येच घ्यावे, एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रत्तीचे माप दुकानागणिक बदलते. बिलावर 'नैसर्गिक गार्नेट, रंगबदल' आणि वजन हे लिहून घ्यावे, आणि महागडा खडा असेल तर मुंबईतील एखाद्या रत्नप्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.